सहा सह्या

आमच्या महाविद्यालयात दाखला काढायचा असेल, तर एक छापील अर्ज भरावा लागतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात सहा चौकटी आहेत: ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह, लेखा विभाग आणि शेवटी विभागप्रमुख. प्रत्येक ठिकाणी जाऊन ‘काही येणे बाकी नाही’ अशी सही आणायची असते. मुले त्याला ‘नो ड्यूज’ म्हणतात. अर्जाच्या वरच्या भागात ‘महाविद्यालय सोडण्याचे कारण’ असा एक रकाना आहे आणि त्याच्यापुढे बोटभर लांबीची ठिपक्यांची रेघ आहे. नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवण्याच्या २२ वर्षांत मी त्या रेघेवर बहुतेक वेळा दोनच शब्द वाचले आहेत: घरगुती कारण.

जुलै २०२४ मध्ये असाच अर्ज घेऊन दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. बाहेर पाऊस होता आणि अर्ज भिजू नये म्हणून त्याने तो बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून आणला होता. मी ब्रेकेज रजिस्टर उघडले, त्याच्या नावावर फुटलेली काचवस्तू नाही हे पाहिले आणि सही केली. “पुढे काय करायचं ठरवलं आहेस?” एवढे मी विचारले. “बघू, मॅडम,” एवढे तो म्हणाला. या सगळ्याला एक मिनिटही लागले नसेल, कारण आत माझी बॅच थांबली होती.

संध्याकाळी कपाट आवरताना त्याचे जर्नल हाती आले. अनुक्रमणिकेच्या पानावर त्याने वर्षभराच्या सगळ्या प्रयोगांची नावे आधीच, पट्टीने रेघा आखून, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती. तारखा मात्र पाचव्या प्रयोगापर्यंतच होत्या आणि माझ्या सह्याही तेवढ्याच. शेवटची तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली होती. म्हणजे तो आमच्यातून गेला डिसेंबरमध्ये, अर्ज घेऊन आला जुलैमध्ये, आणि मधल्या सात महिन्यांत आमच्यापैकी कोणीही त्याला हाक मारली नव्हती. मग आम्ही सहा जणांनी त्याच्याकडे काही बाकी नाही असे लिहून दिले. त्याचे आमच्याकडे काही बाकी होते का, हे विचारणारी चौकट त्या अर्जात नाही.

तेव्हापासून शिक्षणाविषयी बोलताना लोक कोणती क्रियापदे वापरतात, ते मी लक्षपूर्वक ऐकू लागले. प्रवेशाच्या दिवसांत पालक कार्यालयाबाहेरच्या बाकांवर बसून एकमेकांना सांगत असतात: “पोराला कॉम्प्युटरला टाकलं,” “हिला सायन्सला घातलंय,” “मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून इकडं आणलं.” मुलेही स्वतःविषयी बोलताना तेच क्रियापद उचलतात: “मला घरच्यांनी सायन्सला टाकलं.” ‘टाकणे’ या शब्दात काही अनादर आहे असे मला म्हणायचे नाही. शेतकरी वाफ्यात बी टाकतो, बँकेत पैसे टाकतो, आणि त्याच मायेने आणि त्याच जोखमीने तो मुलाला शिक्षणात टाकतो. पण या वाक्याचा कर्ता मूल नसते. “मी बॉटनी घेतलंय” असे म्हणणारा विद्यार्थी दरवर्षी पाच-सहांच्या पुढे जात नाही, आणि तो तसे म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजातला फरक वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत ऐकू येतो.

बाहेर पडण्याची क्रियापदेही दोन आहेत. कोणी म्हणतो “शिक्षण सोडलं”, आणि पुष्कळ जण म्हणतात “शिक्षण सुटलं”. ‘सोडलं’ म्हणणाऱ्याने निर्णय घेतलेला असतो. तो चुकीचा असेल, पण त्याचा असतो. ‘सुटलं’ म्हणणाऱ्याच्या हातून ते निसटलेले असते. मला असे दिसत आले आहे की जे आपण कधी घेतलेच नाही, ते सोडण्याचा निर्णयही आपल्याला घेता येत नाही. ते नुसते सुटते, आणि सुटताना आवाज होत नाही.

मानसशास्त्रात या फरकावर ५० वर्षांहून अधिक काळ काम झाले आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, दुसऱ्या गटाला दिले नाहीत. पुढच्या सत्रात पैसे बंद झाले, आणि प्रयोग घेणारा थोडा वेळ खोलीबाहेर गेला असताना कोण आपणहून कोड्याशी खेळत बसतो हे पाहिले गेले. ज्यांना पैसे मिळाले होते, त्यांची कोड्यातली ओढ कमी झालेली आढळली. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे १९८५ च्या सुमारास जो सिद्धांत मांडला, त्याला मराठीत स्वयंनिर्धारणाचा सिद्धांत म्हणता येईल. त्यांचे म्हणणे असे की प्रेरणा कमी आहे की जास्त, एवढे विचारून भागत नाही. ती कोणाची आहे, हे विचारावे लागते. एका टोकाला बाहेरचा दबाव असतो, त्याच्या अलीकडे मनातली टोचणी असते (लोक काय म्हणतील, वडिलांचे नाव जाईल), त्याच्याही अलीकडे स्वतःला पटलेले कारण असते, आणि सर्वांत आत निखळ आवड असते. या सगळ्यांच्या बाहेर आणखी एक अवस्था असते, जिच्यात दबावही उरत नाही आणि आवडही नसते. आपण इथे का येतो, या प्रश्नाला माणसाकडे काहीच उत्तर नसते. तिला मी अप्रेरणा म्हणते.

कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पायऱ्या मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचा मूळ प्रश्न अगदी साधा आहे: तुम्ही महाविद्यालयात का जाता? १९९७ मध्ये त्यांनी साडेचार हजारांच्या आसपास शाळकरी विद्यार्थ्यांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातली साखळी मला फार महत्त्वाची वाटते. पालक, शिक्षक आणि शाळेचे प्रशासन मुलांना स्वतःचे काही ठरवू देतात की नाही, यावर मुलांना आपण समर्थ आहोत असे वाटणे अवलंबून होते. त्यावर त्यांची आतली प्रेरणा. त्या प्रेरणेवर शाळा सोडावी असा विचार मनात येणे वा न येणे. आणि त्या विचारावर पुढच्या वर्षी मूल शाळेत असणे वा नसणे. २०२१ मध्ये जोशुआ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३४४ नमुन्यांचे, म्हणजे दोन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. बाहेरच्या दबावाचा टिकून राहण्याशी संबंध आढळला नाही. मनातली टोचणी मुलांना टिकवते, पण त्यांचे मन पोखरूनही ठेवते. आणि टिकून राहण्याशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते आवडीचे नव्हे, तर पटलेल्या कारणाचे.

हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. आम्ही शिक्षक ‘विषयाची गोडी लावा’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत, आणि गोडी लागली नाही की दोष विद्यार्थ्याचा किंवा आपला मानत आलो आहोत. पण शेवाळाच्या वर्गीकरणाची गोडी सगळ्यांना लागणार नाही आणि लागायलाच हवी असेही नाही. ‘मला हे का करायचे आहे’ याचे एक साधे, स्वतःच्या शब्दांतले उत्तर मुलाकडे असले, तर ते गोडीपेक्षा जास्त दिवस पुरते. मराठीत ‘पटणे’ हा त्यासाठी अचूक शब्द आहे. आवड न विचारता येते आणि न सांगता जाते; पटलेली गोष्ट माणूस स्वतःशी पुन्हा पुन्हा बोलून पाहू शकतो.

माझ्या विषयामुळे मला आणखी एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर दिसते. आमच्या जिल्ह्यात द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. ऑक्टोबरनंतर डोळे फुटतात, पालवीबरोबर घड बाहेर येतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की घड तेव्हाच तयार झाला. प्रत्यक्षात तो मे-जूनमध्ये, खरड छाटणीनंतरच्या ४० ते ६० दिवसांच्या सुमारास, त्या काडीच्या डोळ्यात बसलेला असतो. म्हणून सप्टेंबरमध्ये शेतकरी काड्या कापून प्रयोगशाळेत तपासायला नेतात. आमच्याकडेही ओळखीचे काही जण वर्तमानपत्रात गुंडाळून पाच-सहा काड्या घेऊन येतात. डोळ्यावरची तपकिरी खवले सुईने एकेक करून उकलायची, आतली पांढुरकी लव बाजूला सारायची, ब्लेडने हलकासा काप घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. घड असला तर मोहरीच्या दाण्याहूनही लहान, कणीदार, फिकट हिरवा उंचवटा दिसतो. मे-जूनमध्ये ढगाळ हवामान लांबले आणि काडीला ऊन मिळाले नाही, तर त्याच जागी घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीला आधार धरणारा तंतू, होते. शेतकरी म्हणतात, घड जिरला. ऑक्टोबरमध्ये कितीही खत-पाणी दिले तरी जिरलेला घड परत येत नाही.

त्या विद्यार्थ्याविषयी नंतर त्याच्या वर्गमित्रांकडून मी जे ऐकले, ते असेच उलट दिशेने उलगडत गेले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. लाल कांदा नुकता बाजारात येत होता आणि लासलगावचे भाव कोसळले. त्याच्या घरचा कांदा त्याच दिवसांत निघाला होता. तो जानेवारीपासून अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला जाऊ लागला. इथपर्यंत ‘घरगुती कारण’ हे शब्द खरे होते. पण मित्रांनी सांगितले की मन त्याआधीच उडाले होते. पहिल्या वर्षाच्या निकालात रसायनशास्त्रात नापास होऊन केटी लागली, तेव्हापासून तो मागच्या बाकावर गेला. वर्गात नाव पुकारल्यावर हजेरी देऊन गप्प बसायचा. “आपल्याला हे जमणारं नाही” असे ऑगस्टमध्ये दोनदा म्हणाला होता. अनुक्रमणिकेचे ते सुबक पान जूनमधले होते. जमेल असे त्याला वाटत होते, त्या शेवटच्या दिवसांतले. भाव पडले नसते तर तो राहिला असता का, मला सांगता येणार नाही. पण भाव पडले तेव्हा त्याला धरून ठेवणारे आत काही उरले नव्हते, हे मला स्पष्ट दिसते. त्याच वर्गातल्या, त्याच तालुक्यातल्या आणखी दोन मुलांच्या घरचाही कांदा तेव्हाच गेला. ती मुले फी हप्त्याने भरण्यासाठी अर्ज घेऊन आली होती.

इथे मला एक काळजी घ्यावीशी वाटते. प्रेरणेविषयी बोलताना गरिबीचा दोष गरिबाच्या मनावर ढकलणे फार सोपे असते, आणि ते अन्यायाचे आहे. अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये महाविद्यालयातून होणाऱ्या गळतीचा जो विचार मांडला, त्यात विद्यार्थी अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती मिसळतो यावर भर होता. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी असे मांडले की रोज घरून ये-जा करणाऱ्या, नोकरी करून शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत महाविद्यालयाबाहेरच्या गोष्टी, म्हणजे पैसा, कामाचे तास आणि घरची जबाबदारी, यांचे वजन जास्त असते. आमच्याकडे त्यांना ‘अप-डाऊन करणारी मुलं’ म्हणतात, आणि माझ्या वर्गात ती निम्म्याहून अधिक आहेत. दिंडोरी, सिन्नर, निफाड, पेठ, त्र्यंबकेश्वर या बाजूंनी पहाटे निघून ती येतात. साडेतीनची एसटी चुकली तर पुढची थेट संध्याकाळी असते, म्हणून शेवटच्या तासाला त्यांचे लक्ष खिडकीकडे असते. त्यांच्यासाठी महाविद्यालय म्हणजे दोन बसमधला काही तासांचा काळ असतो. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती वेळेवर जमा झाली, बसची वेळ तासिकेशी जुळली, तर त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मनातला सोडण्याचा विचार तेवढ्यानेच मागे सरेल, असे मला वाटते. मनाचे बोलायचे ते हे मान्य करूनच.

मी स्वतः निफाड तालुक्यातल्या एका गावातून १९९१ मध्ये अशीच अप-डाऊन करू लागले. त्या काळी मेडिकलचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असत आणि माझा नंबर थोडक्यात हुकला होता. बीएस्सीला मी आले ती उरलेल्या जागेवर आल्यासारखी. वर्गातल्या अर्ध्या मुलींची गत तीच होती, आणि आम्ही एकमेकींना कधी ते सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी वर्गात जाणे थांबवले. घरून डबा घेऊन रोजच्या एसटीने निघायचे, सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरायचे आणि महाविद्यालयाच्या दिशेने न वळता रविवार कारंजावरून खाली गंगेवर जायचे. नाशिकमध्ये गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गाडगे महाराज पुलाच्या जवळच्या पायऱ्यांवर मी डबा उघडेपर्यंत बसत असे. बुधवारी तिथे बाजार भरतो. त्या दिवशी गर्दीत बरे वाटे, कारण कोणी पाहत नसे. दुपारच्या गाडीने परत. असे जवळजवळ तीन आठवडे चालले. त्या दिवसांत मी दुःखी होते असेही म्हणता येणार नाही. मला काहीच वाटत नव्हते. पुढे अनेक वर्षांनी अप्रेरणेचे वर्णन वाचले, तेव्हा मला त्या पायऱ्यांचा गार दगड आठवला.

एके दिवशी गावातल्या कोणीतरी मला तिथे पाहिले आणि वडिलांच्या कानावर घातले. रात्री जेवणे झाल्यावर नाना ओट्यावर येऊन बसले. ते रागावतील म्हणून मी सगळी उत्तरे तयार ठेवली होती. ते म्हणाले, “तुला नसंल जमत तर राहू दे. मी काही म्हणणार नाही. पण सोडायचं असंल तर मला सांगून सोड. असं गंगंवर बसून सोडू नको.” मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तिथं शिकवत्यात काय तुला?” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे विचारले होते. मी त्यांना सांगू लागले: खोडाचा आडवा काप कसा घेतात, तो रंगवल्यावर पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या लाल कशा दिसतात, मक्याच्या खोडात त्या विखुरलेल्या असतात आणि सूर्यफुलाच्या खोडात गोल मांडलेल्या असतात. नाना म्हणाले, “वेलीच्या काडीत कशा असत्यात?” मला ते ठाऊक नव्हते. उद्या पाहून सांगते, असे मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी काडीचा तुकडा रुमालात गुंडाळून घेऊन गेले. प्रात्यक्षिकाच्या बाईंनी तीन आठवड्यांच्या गैरहजेरीविषयी एक शब्दही काढला नाही. त्यांनी काडी हातात घेतली, ही कठीण जाईल, ब्लेड नवे घे, असे सांगितले. दहा-बारा काप जाड आले. एक आला तो पाण्यात टाकल्यावर जवळजवळ दिसेनासा झाला, इतका पातळ. सॅफ्रॅनिन या लाल रंगात बुडवून, धुऊन, त्यावर ग्लिसरीनचा थेंब घेऊन मी कव्हरस्लिप ठेवली आणि भिंगाखाली पाहिले: मधल्या गाभ्याभोवती लाल नळ्यांचे कडे होते आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या फिकट रेषा बाहेर पसरल्या होत्या. बाई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, “तुझे सेक्शन पातळ येतात. पुढच्या बॅचला तूच दाखव.” त्या आठवड्यात मी पहिल्या वर्षाच्या मुलींना ब्लेड कसे धरायचे ते दाखवले.

डेसी आणि रायन माणसाच्या मनाच्या तीन गरजा सांगतात: स्वतः ठरवता येणे, जमते आहे असे वाटणे आणि कोणाशी तरी जोडलेले असणे. नानांनी मला पहिली दिली, बाईंनी दुसरी, आणि पहिल्या वर्षाच्या त्या मुली मला ‘ताई’ म्हणू लागल्या तेव्हा तिसरीही आली. दोघांपैकी कोणीही मला टिकून राहा असे सांगितले नव्हते. नानांनी तर जाण्याची मोकळीक दिली होती, आणि राहणे माझे झाले ते तिथून.

म्हणूनच दरवर्षी सभागृहात होणाऱ्या प्रेरणादायी व्याख्यानांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. वक्ते मनापासून बोलतात, मुले टाळ्याही मनापासून वाजवतात, पण दोन तासांनी ती ज्या बाकावर परत जातात तिथे काही बदललेले नसते. उलट एवढे ऐकूनही आपल्याला उठावेसे वाटत नाही, म्हणजे दोष आपलाच, अशी नवी टोचणी काहींच्या मनात बसते. सूचनाफलकावर लागणाऱ्या डिफॉल्टर यादीविषयीही माझे तेच म्हणणे आहे. हजेरीचा नियम असावा, तो हवाच. पण ज्या मुलाचे मन उडाले आहे त्याचे नाव आपण वर्षातून पहिल्यांदा लिहितो ते त्या यादीत, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

मी आता जे करते ते फार थोडे आहे. ऑगस्टमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर, प्रात्यक्षिक चालू असताना, मी एकेका विद्यार्थ्याच्या शेजारी स्टूल ओढून बसते. हातात ब्लेड आणि गाजराचा तुकडा असला की मुले बोलतात. समोर खुर्चीत बसवले तर बोलत नाहीत. मी विचारते, “तू इथं नसतास तर आत्ता कुठं असतास?” उत्तरे पटकन येतात. पोलीस भरतीच्या ग्राउंडवर. नीटच्या क्लासला, पुन्हा एकदा. सातपूरला मामाच्या वर्कशॉपमध्ये. बागेत, डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायला. काही मुलींच्या बाबतीत थोडे थांबून उत्तर येते: लग्न झालं असतं, मॅडम. मग मी विचारते, “मग तिथं का नाहीस?” आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ती पहिल्यांदाच शोधत असतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. काहींना सापडते. एक मुलगा म्हणाला की आमच्या वाडीत औषधी झाडे ओळखणारी शेवटची म्हातारी आजारी आहे, तिला येते ते मला लिहून ठेवायचे आहे. काहींना सापडत नाही. त्यांची नावे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे परत जाते. पहिल्या चाचणीत ज्यांना कमी गुण पडतात, त्यांना आठवड्याच्या आत असे एखादे काम देते, जे त्यांना नक्की जमेल आणि ज्याची इतरांना गरज असेल. ‘कमवा व शिका’ योजनेतली जी मुले आमच्या बागेत सकाळी काम करतात, त्यांच्यात अर्ध्यावर जाणारी मला क्वचितच आढळली. माळीकाका त्यांची वाट पाहतात, हे त्याचे एक कारण असावे.

जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवावे, असे मला वाटत नाही. काही रविवारी मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर शिकवायला जात असे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद किती खरे आहे, ते त्या वर्गात कळते. तिथे पहिल्या बाकावर चाळिशीतले एक गृहस्थ रात्रपाळी करून थेट यायचे. त्यांचे शिक्षण विसाव्या वर्षी सुटले होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, “मुलगी दहावीला आहे. रात्री तिच्याबरोबर अभ्यासाला बसतो. एकटी बसायचा तिला कंटाळा येतो.” एवढे घट्ट कारण माझ्या नियमित वर्गात मी फारसे ऐकलेले नाही. विसाव्या वर्षी त्यांना कोणी ओढून ठेवले असते, तर पदवी मिळाली असती. हे कारण मिळाले असते का, कोण जाणे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, सुरगाण्याकडची एक विद्यार्थिनी तोच अर्ज घेऊन आली. पहिले वर्ष तिने चांगल्या गुणांनी पूर्ण केले होते. या वेळी मी रजिस्टर उघडण्याआधी तिला बसवले. आईचे ऑपरेशन झाले होते, धाकटी दोन भावंडे आश्रमशाळेत होती, आणि भाताची लावणी तोंडावर आली होती. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला ठरलेली जादा क्रेडिटे पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. हे तिला कोणी सांगितले नव्हते. मी ते कागदावर मांडून दाखवले. तिने बोटांवर वर्षे मोजली, “म्हणजे दोन हजार अठ्ठावीसपर्यंत,” असे म्हणाली, आणि कागद स्वतःकडे ओढून घेतला. मी तिला थांब म्हणाले नाही. काय करायचे ते तिने दोन दिवस विचार करून ठरवावे, एवढेच सांगितले.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. पाच सह्या झालेल्या होत्या. कारणाच्या रकान्यात तिने लहान अक्षरांत लिहायला सुरुवात केली होती, ते ठिपक्यांच्या रेघेवर मावले नव्हते, समासातून खाली उतरले होते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी गेले होते. आईला सहा महिने विश्रांती सांगितली आहे. लावणी आणि कापणी मला करावी लागेल. वनस्पतिशास्त्र मी स्वतः घेतले आहे आणि ते मला पूर्ण करायचे आहे. जून २०२७ मध्ये परत येण्याचा माझा विचार आहे. खाली तिचे नाव आणि तारीख होती. मी सहावी सही केली आणि तिच्याबरोबर कार्यालयापर्यंत गेले. खिडकीतल्या लिपिकाने अर्ज उलटा करून पाहिला आणि कारण एका ओळीत लिहून दुसरा अर्ज आणा, असे तिला सांगितले. मी त्यांना तोच अर्ज ठेवून घ्यायची विनंती केली. त्यांनी मागची बाजू एकदा पूर्ण वाचली, मग शिक्का उचलला आणि अक्षरांवर पडणार नाही अशा जागी, कोपऱ्यात, हलक्या हाताने उमटवला.